लाल दिव्याची साक्ष



आपल्या समाजातील कित्येक घरांत आजही एखादी जुनी फियाट अथवा पद्मिनी जपून ठेवलेली आढळते. वडिलांनी घेतलेली, घरातल्या लग्नात सजलेली, कुंभोज-बाहुबलीच्या नाहीतर कुंथलगिरीच्या यात्रेला सारे घर घेऊन गेलेली ही गाडी विकण्यास मन धजत नाही. तिच्याशी आपला आणखी एक धागा जुळलेला आहे. कुर्ल्याच्या ज्या कारखान्यात ती तयार झाली, त्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीची स्थापना वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली केली. सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या या उद्योजकाने बोरघाटातील रेल्वेच्या कामापासून जहाज, विमान, साखर आणि मोटार अशा अनेक क्षेत्रांत पाऊल टाकले. १९५३ साली त्यांचे निधन झाले. पुढे याच कंपनीची ‘फियाट अकराशे डिलाइट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली जाणारी गाडी देशभर पोहोचली.

मुंबईच्या रस्त्यांवर ही गाडी काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने सर्वांत अधिक दिसली. अशी शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ते पर्व संपले. टॅक्सी होत्या तोवर त्यांचे सुटे भाग सहज मिळत होते आणि डायनॅमो हातात घेताच त्याचे दुखणे ओळखणारे कारागीरही होते. आता दोन्ही विरळ होत चालले आहेत. त्यामुळे अशा गाडीच्या मालकाला निदानाचे थोडे ज्ञान स्वतःजवळ बाळगावे लागते. दुरुस्ती त्याने स्वतः करावी असा याचा अर्थ नाही. मात्र काय तपासून घ्यायचे आणि कशावर खर्च करायचा नाही, एवढे तरी त्याला ठाऊक असावे.

या गाड्यांची सर्वांत अधिक ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘गाडी चार्जिंग करत नाही’. आजच्या लेखात तिचाच विचार करू.

दिवा काय सांगतो?

डॅशबोर्डवर एक छोटा लाल दिवा असतो. चावी फिरवली की तो लागतो. इंजिन सुरू होऊन वेग वाढला की विझतो. सर्वसाधारण समजूत अशी की, दिवा विझला म्हणजे बॅटरी भरत आहे आणि लागला म्हणजे डायनॅमो बिघडला. दोन्ही समजुती अर्ध्या खऱ्या आहेत. या दिव्याचे एक टोक चावीमार्गे बॅटरीच्या बाजूला आणि दुसरे टोक डायनॅमोला जोडलेले असते. दोन्ही टोकांवरील व्होल्टेज सारखे झाले की दिव्यातून प्रवाह वाहत नाही आणि तो विझतो. दोहोंत फरक असला की तो लागतो. दिवा केवळ फरकाची साक्ष देतो. फरक कोणामुळे पडला, याविषयी तो मौन बाळगतो.

ज्यांनी हिशेबाच्या वह्या सांभाळल्या आहेत त्यांना हे चटकन उमजेल. ताळेबंदाच्या दोन बाजू जुळल्या नाहीत तर कोठेतरी चूक आहे एवढेच कळते. ती कोणत्या नोंदीत आहे ते शोधावे लागते. आणि दोन्ही बाजू जुळल्या म्हणून प्रत्येक नोंद बिनचूक असतेच असेही नाही. लाल दिव्याचेही तसेच आहे.

आपल्या दर्शनात वस्तू जाणण्याच्या संदर्भात ‘नय’ ही संकल्पना आहे. एका बाजूने पाहिलेले सत्य म्हणजे नय. ते खोटे नसते. पण तेच पूर्ण सत्य आहे असा हट्ट धरला की ते आपली दिशाभूल करते. जुन्या गाडीच्या विजेचा दोष शोधताना होणारा बहुतेक वायफळ खर्च या हट्टापोटीच होतो.

वीज कोठून येते?

डायनॅमो इंजिनावरील पट्ट्याने फिरतो. त्याच्या आतल्या लोखंडात थोडे चुंबकत्व कायम उरलेले असते. आर्मेचर फिरू लागले की त्या चुंबकत्वामुळे किंचित वीज निर्माण होते. हीच वीज फील्डच्या वेटोळ्यांतून फिरून चुंबकत्व वाढवते आणि मग विजेचे प्रमाणही वाढते. ही वीज कार्बनच्या ब्रशांमार्फत बाहेर येते व आपले मेकॅनिक ज्याला ‘कटआउट’ म्हणतात त्या डबीत जाते.

या डबीत दोन यंत्रणा असतात. एक खरा कटआउट. डायनॅमोचे व्होल्टेज सुमारे १३ पर्यंत चढले की तो डायनॅमो आणि बॅटरी यांना जोडतो; इंजिन मंदावले की तोडतो. तो तुटला नाही तर बॅटरीतील वीज उलट डायनॅमोत वाहून जाईल. दुसरी यंत्रणा रेग्युलेटरची. व्होल्टेज प्रमाणाबाहेर चढू लागले की ती फील्डचा प्रवाह कमी करते. लुकास पद्धतीच्या या डबीवर ए, ए१, एफ, डी आणि ई अशी पाच जोडणीस्थाने असतात. ‘डी’ आणि ‘एफ’ डायनॅमोकडे जातात, ‘ए’ बॅटरीकडे जाते, ‘ए१’ वरून दिवे, इग्निशन वगैरेंचा पुरवठा निघतो आणि ‘ई’ म्हणजे अर्थिंग. ही रचना ध्यानात ठेवावी. पुढील हकिकत समजण्यास तिचा उपयोग होईल.

उरवडे येथील एक गाडी

मुळशी तालुक्यात पिरंगुटहून आत गेले की उरवडे गाव लागते. माझे एक स्नेही निवृत्तीनंतर तेथे घर बांधून राहिले आहेत. त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांची १९७२ सालची फियाट आहे. मुळशीचा पाऊस सर्वांना ठाऊक आहेच. चार महिने हवेत ओल असते आणि पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीच्या प्रत्येक सांध्यावर ती आपले काम करीत राहते.

एका पावसाळी संध्याकाळी ते नातवंडांना घेऊन पुण्याहून परतत होते. भूगाव, भुकूमपर्यंत वाहनांची रांग मुंगीच्या गतीने सरकत होती. पुढचे दिवे आणि वायपर चालू होते. घाटात गाडी थांबली की दिवे मिणमिणत, पुढे निघाली की उजळत. अखेर एका वळणावर दिवे पार मंदावले आणि इंजिन बंद पडले. मागून जड वाहने येत होती, गाडीवर प्रकाश नव्हता आणि आत दोन लहान मुले होती. रस्त्यावरच्या तरुणांनी धक्का मारून गाडी कडेला घेतली म्हणून निभावले.

त्याआधीच्या चौदा महिन्यांत या गाडीची बॅटरी दोनदा बदलून झाली होती, कटआउटची डबीही नवीन बसवली होती. या प्रसंगानंतर डायनॅमो रिवाइंड करून घेण्याचा सल्ला मिळाला. मुलाने तर स्पष्टच सांगितले, “बाबा, आता मोह पुरे. मुलांच्या जिवापेक्षा गाडी मोठी नाही. भंगारात देऊन टाकू.” त्याचे म्हणणे अवास्तव नव्हते.

स्नेह्यांनी अखेरचा प्रयत्न म्हणून जवळच्याच एका वयस्क वायरमनना घरी बोलावले. त्यांनी आल्यावर पाना-पकड बाजूला ठेवली आणि पिशवीतून मल्टिमीटर काढला. मालक म्हणाले, “भाऊ, बॅटरीच खराब निघते हो प्रत्येक वेळी.” त्यावर ते उत्तरले, “बॅटरी आजारी आहे खरी, साहेब. पण तिला उपाशी कोण ठेवतंय, ते आधी बघू.”

इंजिन सुरू करून वेग थोडा वाढवल्यावर लाल दिवा व्यवस्थित विझला. बॅटरीच्या दोन टोकांवर मीटरने १२.९ व्होल्ट दाखवले. त्याच वेगावर कटआउटच्या ‘ए’ टोकावर मात्र १४.२ व्होल्ट होते. याचा अर्थ डायनॅमो आपले काम नीट करीत होता, कटआउटही ठीक होता, आणि ‘ए’ पासून बॅटरीपर्यंतच्या वाटेवर १.३ व्होल्ट हरवत होते. ती वायर हाताने चाचपत गेल्यावर एका टोकाच्या लगपाशी तिचे आवरण तपकिरी पडलेले दिसले. लग काढली तर आत तांब्याच्या तारांवर हिरवा कीट चढला होता आणि निम्म्याहून अधिक तारा तुटल्या होत्या. तेवढा तुकडा कापून नवी लग बसवली, सांधा घासून घट्ट केला. बॅटरीवर १४ व्होल्ट दिसू लागले. खर्च काही शे रुपयांच्या आत आटोपला.

आता घाटातील प्रसंगाचा उलगडा होतो. दिवे, वायपर आणि इग्निशन यांचा पुरवठा ‘ए१’ वरून निघतो. गाडी वेगात असताना डायनॅमो त्यांना थेट वीज देई, म्हणून सारे ठीक भासे. गाडी थांबली की तीच वीज बॅटरीकडून त्या कुजलेल्या सांध्यातून उलट यावी लागे आणि ती पुरेशी येत नसे. लाल दिवा तर सांध्याच्या अलीकडच्याच दोन बाजूंची तुलना करीत होता. त्यामुळे तो निर्धास्तपणे विझत होता. सेल्फला वीज बॅटरीहून वेगळ्या जाड केबलने मिळते, म्हणून तोही बॅटरीत जोर असेपर्यंत फिरत असे.

या प्रकरणात खोटे कोणीच बोलले नव्हते. बॅटरी विकणाऱ्याने बॅटरी निकामी झाल्याचे सांगितले, ते खरे होते. सतत अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर चढतो आणि ती लवकर मरते. दिवा विझतो म्हणजे डायनॅमो चालतो, हेही खरे होते. या गाडीत मुलांना घेऊन रात्री फिरणे धोक्याचे आहे, हे मुलाचे म्हणणे तर सर्वांत खरे होते. प्रत्येकाने आपल्या बाजूने दिसले ते सांगितले. सर्व बाजू एका मीटरने मोजेपर्यंत दोष मात्र हाती लागला नाही.

तपासणीचा क्रम

यावरून एक क्रम सांगता येतो. हा क्रम सोप्याकडून अवघडाकडे आणि फुकटाकडून महागाकडे जातो.

आरंभी सावधगिरी. अंगठी, घड्याळ, कडे काढून ठेवावे. पदर, ओढणी, सैल बाही फिरत्या पट्ट्यापासून दूर असावी. भरत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो; जवळ ज्योत वा ठिणगी नको. काही जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक अर्थला जोडलेले असते, तेव्हा कोणते टोक अर्थला आहे ते आधी पाहावे. केबल काढताना अर्थची आधी काढावी आणि बसवताना ती शेवटी बसवावी.

पहिली तपासणी बॅटरीची. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी व्होल्टेज मोजावे. १२.६ वा अधिक असल्यास बॅटरी भरलेली, १२.२ च्या आसपास असल्यास निम्मी, १२ च्या खाली गेल्यास जवळजवळ रिकामी समजावी. झाकणे उघडता येत असतील तर हायड्रोमीटरने प्रत्येक घराची घनता पाहावी. भरलेल्या बॅटरीत ती १.२६० ते १.२८० असते. सहांपैकी एकच घर फार खाली असेल तर ती बॅटरी गेली. सारी घरे सारखीच खाली असतील तर ती उपाशी आहे, आणि कारण बाहेर आहे.

दुसरी तपासणी पट्ट्याची. दोन पुल्यांच्या मध्यभागी अंगठ्याने दाबल्यास पट्टा साधारण एक ते दीड सेंटिमीटर दबावा. त्याहून सैल पट्टा ओला झाला की घसरतो.

तिसरी तपासणी सांध्यांची, आणि तीच सर्वाधिक दुर्लक्षित राहते. इंजिन वेगात व पुढचे दिवे चालू असताना मीटरचे एक टोक कटआउटच्या ‘ए’ वर आणि दुसरे बॅटरीच्या त्याच बाजूच्या खांबावर धरावे. मीटरने जवळजवळ शून्य दाखवावे. अर्ध्या व्होल्टहून अधिक दाखवले तर त्या वाटेवर कोठेतरी गळती आहे. मग डायनॅमोचे अंग आणि बॅटरीचे अर्थ टोक यांच्यातही असेच मोजावे. गाडीला नवा रंग दिल्यानंतर अर्थिंगचा पट्टा रंगावरच कसला जाणे ही नेहमीची गोष्ट आहे.

चौथी तपासणी चालू व्होल्टेजची. इंजिन वेगात असताना बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसावेत. पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर आवर घालत नाही. बॅटरीतले पाणी वारंवार आटणे ही त्याची खूण.

पाचवी तपासणी डायनॅमोची, तीही वरच्या चार झाल्यावरच. लुकास पद्धतीच्या डायनॅमोवरील ‘डी’ व ‘एफ’ या दोन्ही वायरी काढाव्यात, डायनॅमोची ती दोन टोके लहान तारेने एकमेकांस जोडावीत आणि तेथून अर्थपर्यंत मीटर लावावा. इंजिनाचा वेग हळूहळू वाढवावा. व्होल्टेज न अडखळता चढत गेले तर डायनॅमो ठीक आहे. वीसच्या पुढे ते जाऊ देऊ नये. मुळीच चढले नाही तर कार्बन झिजलेले वा अडकलेले असण्याचा संभव अधिक. एखादा व्होल्टच दिसला तर फील्ड, आणि चार-पाच व्होल्टवर अडकला तर आर्मेचर संशयित. रिवाइंडिंगचा विचार येथे आल्यावर करावा. इतर काही बनावटींत फील्डची जोडणी वेगळी असते. तेथे ही चाचणी अशा रीतीने करू नये.

सहावी तपासणी कटआउटच्या डबीची. तिचे अर्थिंग आणि जोडण्या आपण पाहाव्यात, आतील स्क्रूंना मात्र हात लावू नये. ते काम जाणकाराचे.

अखेरची तपासणी चोरट्या गळतीची. सर्व काही बंद असताना बॅटरीची अर्थ केबल काढून मध्ये अँपिअर मोजणारा मीटर जोडावा. अशा वेळी सेल्फ मारू नये, मीटर जळेल. जुन्या गाडीत संगणक नसल्यामुळे मीटरने जवळजवळ शून्य दाखवले पाहिजे. तसे नसेल तर एकेक फ्यूज काढून कोणत्या वाटेने वीज जाते ते पाहावे. डिकीतला दिवा, नंतर बसवलेला रेडिओ अथवा उंदराने कुरतडलेली वायर यांपैकी काहीतरी सापडते.

या क्रमाबरोबरच दिव्याच्या काही वागणुकी लक्षात ठेवाव्यात. चावी फिरवूनही तो लागत नसेल तर बल्ब गेला आहे, वायर तुटली आहे किंवा कार्बन टेकत नाहीत. वेग वाढवूनही तेवढ्याच तेजाने लागत असेल तर पट्टा तुटला किंवा डायनॅमो वीज देत नाही. पट्ट्यावर पाण्याचा पंपही चालत असल्यास गाडी तत्काळ थांबवावी. वेगात असताना मंद चमकत राहिला तर कटआउटचे पॉइंट जळाले असण्याचा संभव. मंद गतीला किंचित लुकलुकणे डायनॅमोच्या गाडीत स्वाभाविक आहे. आणि चावी काढल्यावरही दिवा लागलेला राहिला तर कटआउट चिकटला आहे; अशा वेळी बॅटरीची केबल तत्काळ काढावी, अन्यथा वायरिंग जळू शकते.

जमाखर्च

दोष काहीही नसताना देखील बॅटरी उतरू शकते, कारण डायनॅमोची कमाई मर्यादित असते. लुकासच्या सी-४० जातीच्या डायनॅमोची कमाल क्षमता २२ अँपिअर, तीही इंजिन चांगल्या वेगात असताना. मंद गतीला त्याच्याकडून जवळजवळ काहीच मिळत नाही. आता खर्च पाहू. पुढचे ४५ वॉटचे दोन दिवे मिळून साडेसात अँपिअर, मागचे व बाजूचे लहान दिवे पावणेदोन, इग्निशन तीन, वायपर तीन. एकूण सुमारे १५ अँपिअर. वाहनांच्या कोंडीत एक तास असा गेला तर बॅटरीतून १५ अँपिअर-तास उचलले जातात. बॅटरी ४० ची असेल तर एक तृतीयांशाहून अधिक शिल्लक संपली. त्यावर मोठे हॅलोजन, मोबाइलचा चार्जर, संगीत अशी भर घातली तर दोष डायनॅमोला देण्यात अर्थ नाही. शक्यतो दिवसाउजेडी प्रवास उरकण्याची आपली जुनी शिस्त या गाड्यांनाही मानवते.

हाच हिशेब उभ्या गाडीलाही लागू पडतो. पावसाळ्यात मुनिवर्य वर्षायोगासाठी एका जागी स्थिरावतात, तशी ही गाडीही स्थिरावते. तेव्हा पुष्कळजण दर रविवारी इंजिन दहा मिनिटे जागच्या जागी चालवतात आणि बॅटरी भरली असे समजतात. सेल्फ पाच सेकंद फिरवताना सुमारे १५० अँपिअर धरले तर ०.२ अँपिअर-तास जातात. दहा मिनिटे मंद गतीला इग्निशनचे ०.५ जातात. आठवड्याला ०.७ म्हणजे सतरा आठवड्यांत सुमारे १२ अँपिअर-तास. बॅटरी आपोआप उतरते ते निराळेच. त्यापेक्षा आठवड्याला अर्धा तास गाडी रस्त्यावर नीट वेगाने फिरवावी, नाहीतर अर्थ केबल काढून ठेवावी आणि महिन्यातून एकदा बाहेरच्या चार्जरने बॅटरी भरावी. सांधे घासून त्यांवर पेट्रोलियम जेलीचा हलका हात फिरवावा. उंदरांसाठी विष अथवा चिकटपट्टी लावण्याऐवजी शेडमधील धान्याची पोती हलवावीत, भोके बुजवावीत आणि गाडी अधूनमधून हलवत राहावी. ज्या जागेत हालचाल असते तेथे उंदीर घर करीत नाहीत.

बदल करावा का?

डायनॅमो काढून आल्टरनेटर बसवावा का, हा प्रश्न बहुतेक मालकांना पडतो. गाडी नित्य वापरात असेल, रात्री वा कोंडीत चालवावी लागत असेल, तर तो विचार योग्य आहे. आल्टरनेटर मंद गतीलाही बऱ्यापैकी वीज देतो. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. अनेक आल्टरनेटरांना आरंभीचा प्रवाह लाल दिव्यातूनच मिळतो, तेव्हा तेथे बल्ब गेला तर चार्जिंगही थांबू शकते. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची केबल कदापि काढू नये; आतील डायोड जळतात. काढलेला डायनॅमो, कटआउट व त्यांचे कंस तेल लावून खोक्यात जपून ठेवावेत. मूळ रूपाला पुढे मोल येते.

कायद्याचीही एक बाजू आहे. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या आणि मूळ रूप राखलेल्या वाहनास ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरण ५,००० रुपये. अशी गाडी नित्य वापरासाठी अथवा व्यवसायासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. वापरायची की जपायची, हे आधी ठरवावे आणि मग नोंदणी व आल्टरनेटर या दोहोंचा निर्णय घ्यावा.

बॅटरी खरोखरीच संपली तर तिचा निरोपही यत्नाचाराने व्हावा. आतील शिसे आणि गंधकाम्ल यांमुळे माती व पाणी दूषित होते आणि त्यांतील असंख्य जीव नष्ट होतात. जुन्या बॅटरीतील आम्ल ओढ्यात वा नालीत ओतू नये. सांडलेच तर त्यावर खाण्याचा सोडा टाकून पाण्याने धुवावे. बॅटरी भंगारवाल्याऐवजी विक्रेत्याकडे परत द्यावी; २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याचे दायित्व उत्पादकांवर टाकले आहे. चौदा महिन्यांत नाहक बदललेल्या दोन बॅटऱ्या म्हणजे पैशाचा अपव्यय तर झालाच, त्याबरोबर तेवढ्या शिशाची उलाढालही विनाकारण झाली. अपरिग्रहाचा विचार करताना ‘जुने टाकून द्या’ एवढाच अर्थ काढला जातो. आहे ते नीट जाणून, मोजून, कमीत कमी नवे घेऊन चालवणे हाही त्याचाच भाग आहे. मात्र दुरुस्तीनंतरही गाडी घरच्यांच्या जिवाला धोकादायक ठरत असेल, तर तिचा लोभ सोडावा, हेही तितकेच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

उरवड्याच्या माझ्या स्नेह्यांनी आता गाडीच्या कप्प्यात एक लहान वही ठेवली आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी तीत चार रकाने भरले जातात: तारीख, सकाळचे उभ्या गाडीचे व्होल्टेज, वेगात असतानाचे बॅटरीवरचे व्होल्टेज आणि त्याच वेळचे कटआउटच्या ‘ए’ टोकावरचे व्होल्टेज. शेवटच्या दोन आकड्यांतील फरक वाढू लागला की दिवे मिणमिणण्याच्या कितीतरी आधी तो वहीत दिसतो. आकडे आता त्यांचा मुलगाच लिहितो. पाचशे रुपयांच्या आत मिळणारा मल्टिमीटर आणि एक वही, एवढ्या सामग्रीवर ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी येत्या रविवारपासून आरंभ करावा.